मुखपृष्ठावर बसायला जागा ठेवा

प्रश्न थोडक्यात असा : साताऱ्याहून एक ताई घरसजावटीचं मराठी त्रैमासिक काढतात. दोन अंक निघाले. पहिल्यावर पांढरा सोफा आणि राखाडी भिंत, दुसऱ्यावर संगमरवरी हॉल आणि झुंबर. फोटो चांगले, कागद चांगला, तरी स्टॉलवरचे गठ्ठे परत आले. ज्यांनी अंक वाचला ते आतल्या मजकुराचं कौतुक करतात, पण मुळात अंक उचलतच कुणी नाही. तिसरा अंक दिवाळीचा आहे, तर मुखपृष्ठ कसं करावं?

ताई, तुम्ही पाठवलेली दोन्ही मुखपृष्ठं मी खऱ्या आकारात छापून घेतली, कडेनं कापली आणि दोन दिवस कामाच्या टेबलावर ठेवली. स्क्रीनवर पाहून मुखपृष्ठाबद्दल मी मत देत नाही. स्क्रीन आतून उजळलेली असते, कागदावर बाहेरचा उजेड पडावा लागतो. त्या दोन दिवसांत घरातली माणसं आली-गेली, शेजारच्या काकू येऊन बसल्या, चहा देणारा मुलगा चार वेळा आला. सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं, पण हात कुणी लावला नाही. मला त्याचं एकच कारण दिसतं. दोन्ही चित्रांत पाहणाऱ्याला बसायला जागा नाही.

सोफा आहे, हे मान्य. पण तो फोटो खोलीच्या कोपऱ्यातून, छताच्या जवळून आणि फार रुंद लेन्सनं काढलेला आहे. इतक्या उंचावरून घरातलं कोणीच आपली खोली पाहत नाही. उशा एका ओळीत उभ्या. टीपॉयवर तीन इंग्रजी पुस्तकं आणि त्यांवर शंख. खिडकी चित्रात नाही, त्यामुळे उजेड कुठून येतो ते कळत नाही. पाहणारी बाई मनातल्या मनात त्या खोलीच्या दारात येते, चप्पल कुठे काढावी हे तिला उमगत नाही, आणि ती तिथूनच मागे फिरते. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं. तिला विचारलं तर ती एवढंच म्हणेल, “छान आहे, पण आपल्याला काय करायचंय?”

हे मी शिकलो ते एका सुतारमिस्तरींकडे. मी सांगलीत छपाईच्या कामाला लागलो तेव्हा रंगीत मुखपृष्ठाची फिल्म काढावी लागे, मग चार शायांच्या चार प्लेटा. पुढे मुखपृष्ठं करू लागलो तेव्हा मीही दिवाणखाना जितका मोठा दिसेल तितका चांगला, असंच समजत होतो. एकदा घराच्या कामासाठी मिरजेत एका मिस्तरींकडे गेलो. त्यांच्या भिंतीवर एका मासिकाचं फाटकं मुखपृष्ठ खिळ्यानं ठोकलेलं होतं. त्यात अख्खी खोली नव्हतीच. एक खिडकी, तिच्याखाली लाकडी बैठक, बैठकीला दोन खण, त्यावर घडी केलेली चादर, बस्स. मिस्तरी म्हणाले, हे चित्र घेऊन एक बाई आल्या होत्या, त्यांचं काम पाहून त्यांची जाऊ आली, नंतर आणखी एक घर झालं. चित्राच्या कडेला पेन्सिलीनं मापं लिहिलेली होती. दीड फूट उंच, पावणेदोन फूट खोल.

त्या दिवसापासून माझ्यासाठी मुखपृष्ठाचा वाचक बदलला. आपल्याकडे घरसजावटीचं मासिक ज्याला वाचायची आवड आहे तो घेतो, असं नाही. ज्याच्या घराचं काम निघालंय तो घेतो. साताऱ्यात कोरेगाव रोडला प्लॉट घेतलेलं जोडपं, सांगलीच्या विश्रामबागेत जुना फ्लॅट नव्यानं करणारे निवृत्त शिक्षक, गावाकडच्या घराला पुण्यातून पैसे पाठवणारा मुलगा आणि त्या घरात प्रत्यक्ष राहणारी त्याची आई. ही माणसं चित्र पाहून “किती सुंदर!” म्हणत बसत नाहीत. ती पान दुमडतात आणि मिस्तरींना, पेंटरला, फरशीवाल्याला दाखवतात. म्हणजे तुमचं मुखपृष्ठ दोनदा पाहिलं जातं. एकदा स्टॉलवर, आणि एकदा भुसा पडलेल्या अर्धवट खोलीत. दुसऱ्या वेळेला त्यात जोड कसा आहे, कडा कशी घेतली आहे, खण कुठे उघडतो हे दिसलं पाहिजे. झुंबराच्या हॉलमध्ये मिस्तरींना करण्यासारखं काहीच नाही.

आता कामाचं सांगतो, आणि कॅमेऱ्यापासून सुरुवात करतो, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं.

खुर्चीची बैठक साधारण दीड फूट उंच असते. तिच्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पावणेचार फुटांच्या आसपास येतात. कॅमेरा त्या उंचीवर ठेवा. झोपाळा, दिवाण किंवा खाली अंथरलेली सतरंजी हा चित्राचा विषय असेल तर आणखी खाली या, अडीच फुटांपर्यंत. कॅमेरा वर-खाली झुकवू नका, नाहीतर भिंतीच्या उभ्या रेषा तिरप्या होतात आणि कपाट पडेल की काय असं वाटतं. लेन्स ३५ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यानची घ्या. फोनवर काढत असाल तर ती खोली मोठी करून दाखवणारी ०.५ ची सोय बंद ठेवा. तिच्यात दहा बाय बाराची खोली मंगल कार्यालयासारखी दिसते आणि वाचकाचा विश्वास तिथेच उडतो, कारण दहा बाय बाराच्या खोलीत तो रोज राहतो. तिच्यात किती माणसं बसतात, पाहुणे आले की कॉट कुठे सरकवावी लागते, हे त्याला पाठ असतं.

आणि फोटो पहिल्यापासून उभाच काढा. बहुतेक जण आडवा फोटो काढतात आणि मुखपृष्ठासाठी मधला तुकडा कापतात. मग अर्धा सोफा, अर्धी खिडकी आणि मध्ये रिकामी फरशी असं काहीतरी हाती येतं. उभ्या चौकटीत अख्खी खोली मावत नाही, आणि तेच बरं आहे. उभ्या चौकटीत कोपरा छान मावतो. आपण घरात राहतो तेही कोपऱ्यातच. आजोबांची खुर्ची, शिवणयंत्राची जागा, देवघरासमोरचा पाट, जिन्याखालचा अभ्यासाचा टेबल. वरचा पाव भाग शांत भिंतीचा सोडा. मासिकाचं नाव तिथे जाईल.

दुसरी गोष्ट वावराची. आमच्याकडे वावर म्हणजे शेत, आणि वावर म्हणजे घरात माणसाचं असणं-फिरणंही. दोन्ही अर्थांत तिथे कुणीतरी राबलेलं असतं. मुखपृष्ठावर वावर दिसला पाहिजे. म्हणून माणूसच दाखवायला हवा असं नाही. माणूस आला की डोळे त्याच्या चेहऱ्यावर जातात आणि घर मागे पडतं. आर्किटेक्चरल डायजेस्टच्या अमेरिकी अंकांवर अलीकडे नामवंत मंडळी आपल्या घरात उभी असलेली दिसतात. ते तिथे चालतं, कारण वाचकाला त्या माणसाचं घर पाहायचं असतं. आपल्या वाचकाला स्वतःचं घर पाहायचं आहे. म्हणून माणूस नुकताच उठून गेला आहे, एवढीच खूण पुरे. उघड्या वर्तमानपत्रावर ठेवलेला चष्मा. निवडायला घेतलेली मेथी. खुंटीवरची पिशवी. पण ही खूण त्या घरातलीच हवी, स्टुडिओतून नेलेली नको. आम्ही एकदा वाईजवळच्या एका घरी फोटो काढायला गेलो होतो. सोबत नेलेली पितळी भांडी मांडून तासभर झटलो आणि काही जमेना. शेवटी घरच्या आजींनी ती उचलून बाजूला ठेवली आणि रोजच्या जागी आपलं अडकित्त्याचं तबक ठेवलं. तोच फोटो गेला.

पांढरा सोफा आणि राखाडी भिंत तुमच्याकडे आली कुठून, हेही सांगायला हवं. तुम्ही एकट्या नाही आहात, गेल्या दहा-बारा वर्षांत निम्मी मासिकं त्याच वाटेनं गेली. अमेरिकेत शिकागोहून १८९६ साली हाउस ब्यूटिफुल सुरू झालं. पुढची कितीतरी वर्षं अशा मासिकांची मुखपृष्ठं हातानं काढलेली असत. बाग, फाटक, खिडकीतली कुंडी. छायाचित्रं नंतर आली. बेटर होम्स अँड गार्डन्स १९२२ साली निघालं तेव्हा त्याचं नाव फ्रूट, गार्डन अँड होम होतं, म्हणजे आधी फळं, मग बाग, मग घर. दोन वर्षांत त्यांनी नाव बदललं आणि घर पुढे आणलं. लंडनचं वर्ल्ड ऑफ इंटीरियर्स १९८१ चं. त्यानं पोपडे आलेल्या भिंती आणि विरलेले पडदेही मुखपृष्ठावर आणले, आणि जुनेपणाला मान मिळवून दिला. मग २०११ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडहून किनफोक हे मासिक आलं. फिकट रंग, मोकळी जागा, एखादीच वस्तू. ते सुंदरच होतं. पण ते ढगाळ, मऊ उजेडाच्या गावातलं सौंदर्य होतं. तिथे पांढरी भिंत दुधासारखी दिसते. साताऱ्यात एप्रिलच्या दुपारी पांढरी भिंत डोळ्यांत घुसते आणि पांढऱ्या सोफ्यावर आठवड्यात धुळीचा थर बसतो. फोनमुळे ती चित्रं जगभर पसरली आणि जिथली तिथली माती विसरून सगळ्यांनी उचलली.

खरं तर या कामात आपल्या भागाला मोठा वारसा आहे आणि तो आपण वापरत नाही, याचं मला वाईट वाटतं. सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी हे १९१० साली माळरानावर उभं राहिलेलं कारखान्याचं गाव. तिथून १९२० साली किर्लोस्कर खबर निघालं, पुढे तेच किर्लोस्कर मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिकंही निघाली. संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. नांगर आणि पंप तयार होणाऱ्या गावातून निघालेली ही मासिकं मराठी घरोघर गेली. जुन्या ग्रंथालयात त्यांचे बांधीव अंक मिळाले तर एक दिवस काढून नुसती मुखपृष्ठं आणि जाहिराती पाहा. मला त्यांतून एक समजलं. वाचकाला त्यांनी कधी परका मानलं नाही, आणि तो जिथे आहे तिथेच राहावा असंही मानलं नाही. तुमच्या मुखपृष्ठात हे दोन्ही हवं. एक वस्तू अशी, जी वाचकाच्या घरात आत्ता आहे. आणि एक अशी, जी त्याला हवीशी वाटेल आणि परवडेलही. स्टीलचा पिंप आणि त्यामागे नव्या पद्धतीची फळी. जुना सागवानी दरवाजा आणि त्याला नवा, निवांत रंग. दोन्ही वस्तू ओळखीच्या असल्या तर चित्र अल्बममधल्या फोटोसारखं होतं, दोन्ही अनोळखी असल्या तर ते शोरूम होतं.

दिवाळी अंकाची खरी अडचण उजेडाची आहे. अंक ऑक्टोबरात विकायचा, म्हणजे फोटो जुलै-ऑगस्टमध्ये काढायचा. त्या वेळी साताऱ्यात काय पाऊस असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. भिंतींना ओल, आभाळ दिवसभर राखाडी, वीज जाते-येते. घाबरू नका. पावसाळी आभाळ म्हणजे फुकटात मिळालेला मोठा मऊ दिवा आहे. सावल्या कडक पडत नाहीत, लाकडाच्या रेषा दिसतात, पितळ चमकून डोळ्यांवर येत नाही. फक्त एक पाळा. खिडकीचा उजेड घेतला तर ट्यूबलाइट बंद. दोन्ही मिसळले की अर्धी भिंत निळसर आणि अर्धी हिरवट येते, आणि ती नंतर संगणकावर धड दुरुस्त होत नाही. दिव्याचा ऊबदारपणा हवा असेल तर एकच पिवळा दिवा चित्राच्या आत, दिसेल असा लावा, २७०० केल्विनचा (उजेडाचा रंग सांगणारा हा आकडा). बाहेर पावसाचा करडा उजेड, आत एक पिवळा दिवा. दिवाळी त्या एका दिव्यात येते. पणत्यांची रांग, आकाशकंदील, रांगोळी, फराळाचं ताट हे सगळं एकदम मांडायचा मोह टाळा. त्या आठवड्यात स्टॉलवरच्या प्रत्येक अंकावर तेच असतं, आणि तुमचा अंक त्यात हरवून जाईल.

जुन्या वाड्यात फोटो काढायला मिळाला तर जरूर काढा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात जाऊन एकदा नुसते बसा. चौकातून सोप्यावर उजेड कसा आत-आत मंदावत जातो ते पाहा. मुखपृष्ठात खोलपणा आणायचा असेल तर हेच करायचं असतं. पुढे थोडा अंधार, मध्ये उजेड, मागे पुन्हा अंधार. नव्या फ्लॅटमध्येही हे जमतं. दाराच्या चौकटीच्या अलीकडे उभं राहा, चौकटीची कड चित्रात घ्या, आणि पाहणाऱ्याला उंबऱ्याशी आणून सोडा.

आता छपाई. तुम्ही लिहिलं आहे की पहिल्या अंकाची राखाडी भिंत छापल्यावर जांभळट आली आणि प्रेसनं “फाइलच तशी होती” म्हणून सांगितलं. यात दोघांचाही पूर्ण दोष नाही. छपाईत राखाडी रंग सायन (निळसर), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा या तीन शायांच्या तोलावर उभा असतो. मॅजेंटा जरासा वाढला की भिंत जांभळट, सायन कमी झाला की विटकरी. लाल पडद्यात हा फरक कुणाला कळत नाही, राखाडी भिंतीत लगेच कळतो. म्हणजे सगळ्यात साधा वाटणारा रंगच छापायला सगळ्यात अवघड. राखाडी हवीच असेल तर ती जास्तीत जास्त काळ्या शाईतून बांधून घ्या, आणि मशीनवर पहिले कागद निघतात तेव्हा स्वतः उभ्या राहा. त्यापेक्षा आपल्या मातीतले रंग घ्या. हळदीचा पिवळा म्हणजे शंभर टक्के पिवळी शाई आणि वीसेक टक्के मॅजेंटा. तो कागदावर ठणठणीत उतरतो आणि थोडा इकडे-तिकडे झाला तरी हळदच राहतो. काळा दगड, सागवान, विटेचा लाल हेही सोसतात. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी आणि केशरी मात्र कागदावर विझतात. त्यांच्या भरवशावर मुखपृष्ठ ठेवू नका.

फोटोचा आकार तपासा. ए-फोर मापाच्या मुखपृष्ठाला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, कडेनं कापायला सोडायचे तीन-तीन मिलिमीटर वेगळे. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसून लांबीला साधारण १६०० पिक्सेलवर येतो, म्हणजे निम्म्यापेक्षाही कमी. फोटोग्राफरकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर घ्या. मॅट लॅमिनेशननं, म्हणजे वर चढवलेल्या बिनचमकीच्या पातळ पापुद्र्यानं, रंग किंचित दबतात, म्हणून चित्र थोडं उजळ ठेवा. नावावर स्पॉट यूव्ही, म्हणजे तेवढ्याच भागावर चमकदार लेप, करायचा विचार दिसतो. खर्च वाचवा, तो पैसा मुखपृष्ठाच्या जाड कार्डाला लावा. हातात घेतल्यावर लोक कागदच चाचपतात.

अक्षरांबद्दल जरा थांबून बोलतो, कारण मराठी मुखपृष्ठं इथे फार मार खातात. तुमच्या मासिकाचं नाव बारीक रेघेच्या टाइपात, फिकट भिंतीवर पांढरं सोडलं आहे. इंग्रजी मासिकावर ते शोभतं, कारण त्यांची मोठी अक्षरं चौकोनी ठोकळ्यासारखी एका उंचीत बसतात. देवनागरी शिरोरेषेला लटकते. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. त्यामुळे नाव वरच्या कडेला चिकटवलं की वेलांटी कापली जायची भीती, आणि खाली ओढलं की उकार चित्रात घुसतो. वरच्या कडेपासून निदान एक सेंटीमीटर सोडा. शिरोरेषा जाड ठेवा. स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून मांडतात आणि वरची पट्टीच दिसते, तेव्हा लांबून नजर पकडते ती ही रेषाच. नावासाठी तयार फॉन्ट वापरू नका. नाव हातानं रेखाटून घ्या. अक्षरं रेखाटणाऱ्या कमल शेडग्यांनी नाटकांची नावं अशी लिहिली की अक्षर पाहून नाटकाचा स्वभाव कळे. तुमचं नावही घरासारखं दिसलं पाहिजे. आतल्या मथळ्यांना ‘मुक्त’ नावाच्या टाइपासारखा मोकळा, विनामूल्य टाइप पुरेसा आहे. श्रीलिपी या जुन्या टायपिंगपद्धतीतला मजकूर आताच्या युनिकोडमध्ये आणला असेल तर जोडाक्षरं एकेक करून वाचा. मुखपृष्ठावर ‘स्वयंपाकघर’ मोडलं तर ते हजार प्रतींवर मोडतं. आणि डाव्या कडेचा सेंटीमीटरभर भाग बाइंडिंगच्या घडीत जातो, तिथे अक्षर नको.

मथळे तीनच ठेवा. दुसऱ्या अंकावर नऊ आहेत आणि त्यांतल्या पाचांत ‘आकर्षक’ हा शब्द आहे. वाचकाला माप आणि काम सांगा. “दहा बाय बाराच्या खोलीत चौघांची झोपायची सोय.” “ओल आलेल्या भिंतीला रंग देण्याआधी.” “जुन्या कपाटाचं नवं दार.” असं वाचलं की हात पुढे होतो. मोठा मथळा चित्रातल्या वस्तूबद्दलच हवा. चित्र खिडकीचं आणि मोठा मथळा मॉड्युलर किचनचा, असं झालं की दोन्ही एकमेकांना खातात.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. त्या वर्षीच्या एका दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ माझ्याकडे होतं आणि ते पुराआधीच तयार झालं होतं. जमिनीलगतची लाकडी बैठक, जाड गालिचा, खाली मांडलेली पुस्तकं. फोटो सुरेख होता. पाणी ओसरल्यावर मी गावभागातल्या, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीतल्या, घरांमध्ये गेलो. भिंतींवर पाण्याची रेघ, फुगलेली प्लायवूडची कपाटं रस्त्यावर टाकलेली, गाद्यांचे ढीग. घरी येऊन तो फोटो पुन्हा पाहिला आणि मला तो पाहवेना. त्यात काहीच चूक नव्हती, पण त्या वर्षी सांगलीच्या माणसाला त्या खोलीत बसता आलं नसतं. संपादकांना सांगून आम्ही चित्र बदललं. जिन्यावरचा मधला टप्पा, तिथे भिंतीत बसवलेली फडताळं, त्यात घरातली कागदपत्रं, अल्बम आणि देव. खाली मथळा : “वरच्या मजल्यावर काय ठेवाल?” त्या अंकाबद्दल मला जितके फोन आले तितके आधी कधी आले नव्हते. बहुतेकांना फळीचं माप हवं होतं. कागदपत्रांसाठी किती इंच, अल्बमसाठी किती. २०२१ ला पुन्हा पाणी चढलं तेव्हा त्यांतल्या एका घरातून कळलं की कागद वाचले. मी या कामात राहिलो त्यामागे ही एक गोष्ट मोठी आहे. वाचक त्या चित्रात खरोखर राहायला जातो, म्हणून ते जबाबदारीनं करायचं.

याच कारणासाठी मुखपृष्ठ विकू नका. तुम्ही लिहिलं आहे की एक बिल्डर दिवाळी अंकाचा निम्मा छपाईखर्च द्यायला तयार आहेत, पण मुखपृष्ठावर त्यांचा सॅम्पल फ्लॅट हवा. मागचं पान द्या, आतलं जोडपान द्या, त्यावर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा. पुढचं पान नको. सॅम्पल फ्लॅटमध्ये कुणी राहत नाही, आणि ते चित्रात कळतं. फ्रीजला वायर नसते, गादीवर वळी नसते, स्वयंपाकघरात पुसायचं फडकं नसतं. संगणकावर तयार केलेल्या खोल्यांचंही तसंच. सावल्या नीट असतात, पण खिडकीतून दिसणारं आभाळ कुठल्याच गावचं नसतं.

आता तुमच्या दिवाळी अंकाचं. माझ्या मनात जे आहे ते असं. साताऱ्यातलं किंवा वाईतलं खरं, राहतं घर. शक्यतो दोन पिढ्यांचं. खिडकीशी एक बैठक, मिस्तरींना करता येईल अशी. बाहेर पावसाळी उजेड, आत एक पिवळा दिवा. बैठकीवर सणाची तयारी अर्ध्यात सोडलेली : वाती वळायला घेतलेला कापूस, एवढंच. भिंत हळदीच्या पिवळ्याकडे झुकणारी. वर हातानं लिहिलेलं नाव, खाली एक मोठा मथळा आणि दोन छोटे.

असे तीन वेगळे फोटो निवडून तीन डमी, म्हणजे नमुन्याची मुखपृष्ठं, करा. जुन्या अंकावर गुंडाळा आणि एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवाल्यांना विचारून एक संध्याकाळ बाकीच्या मासिकांत ठेवा. तुम्ही समोरच्या बाकावर बसा. लोक काय म्हणतात ते विचारू नका, हात कुठे जातो ते पाहा. आठ फुटांवरून नाव वाचता येतं का तेही तिथूनच कळेल. मग तोच डमी फोनवर नखाएवढा करून पाहा, कारण निम्मे वाचक तो आधी व्हॉट्सॲपवरच पाहणार. आणि एक डमी मिस्तरींना द्या. त्यांनी चित्रात बोट ठेवून “हा जोड असा नाही चालायचा” म्हटलं तर खुशाल आनंद माना, ते चित्रात शिरले आहेत.

दिवाळी अंक वाचनालयात वर्षभर फिरतो. वर प्लास्टिकचं वेष्टन चढतं आणि एका कोपऱ्यात क्रमांकाची चिठ्ठी चिकटते. कोणता कोपरा, ते तुमच्या गावच्या वाचनालयात जाऊन पाहून या आणि तिथे मथळा टाकू नका. डमी तयार झाले की कडेनं कापून पोस्टानं पाठवा, पीडीएफ नको. मी पुन्हा दोन दिवस टेबलावर ठेवीन.